हिरोच्या तोंडावरचं फडकं

त्या परदेशी हिरोचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते नोंदवलेलं आहे, आणि ज्या कंपनीच्या मालकीचं आहे तिच्याकडे म्हणे वकिलांचा अख्खा मजला भरलाय. मी चित्रकलेची मास्तरीण. माझी शाळा विनाअनुदानित, माझ्या नेमणुकीचं अप्रूव्हल वर्षानुवर्षं पुण्याच्या वाटेवर, आणि माझ्या ओळखीचा वकील म्हणाल तर एकच, ज्याची गोष्ट पुढे येईलच. तेव्हा आपण त्याला नुसतं हिरो म्हणू. आमच्या ढाणकी गावात सगळे तसंच म्हणायचे.

कपाशीची ती वाईट वर्षं होती. नवं बियाणं आलं होतं. त्याला बोंडअळी लागत नाही असं पाकिटावर छापलेलं असायचं. पहिली काही वर्षं अळीने ते मानलं, मग तिने वाचणं सोडलं. अळी नसली तर तुडतुडे, तुडतुडे गेले तर फुलकिडे, आणि काहीच नसलं तर शेजारच्याने फवारलं म्हणून आपणही फवारायचं. ढाणकीत चहाच्या टपऱ्यांपेक्षा कृषी केंद्रं जास्त झाली, आणि दोन्हीकडे तेच ते उकळून मिळायचं. विषाला आमच्याकडे औषध म्हणतात. फवारणारा माणूस औषध मारतो. या एका शब्दाने किती माणसं निश्चिंत झाली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

माझा मोठा भाऊ औषध मारायचा. आमची शेती नव्हती. बुद्धविहाराच्या वळणावर दोन खोल्यांचं घर, एका खोलीत माझे रंग, दुसऱ्या खोलीत दादाचा पंप. तो रोजाने लोकांच्या शेतात जायचा आणि त्याला मागणी भारी होती, कारण तो झाडाच्या खालच्या पानापर्यंत औषध पोचवायचा. काम चोख, बाकी सगळी बोंब. अंगात बनियन, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, पायांत काही नाही. ड्रममध्ये औषध ओतलं की कोपरापर्यंत हात घालून ढवळायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा डोळे लालभडक. जेवताना उमासे आले की म्हणायचा, तुझ्या भाजीत तेल जास्त झालं.

मी किती डोकं फोडलं त्याच्यापुढे. तोंड बांध, हातात काहीतरी घाल, वाऱ्याच्या तोंडाला उभा राहू नको. शाळेत पन्नास पोरांना ऐकायला लावणारी बाई मी, घरात एका माणसापुढे हात टेकले. तो म्हणायचा, तोंड बांधून शेतात गेलो तर मालक मला डाकू समजून कुत्रं सोडेल. एकदा मी नागपूरहून रबरी हातमोजे आणले. त्याने ते फुगवून शेजारच्या पोरांना फुगे म्हणून वाटले. मला त्याचा असा राग यायचा की रात्री भाकरी थापताना परातीवर काढायचे.

अशात शेटजींनी बोलावणं पाठवलं. शेटजी म्हणजे बाजारपेठेतल्या मोठ्या कृषी केंद्राचे मालक. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भिंती रंगवायचे हे गावाला माहीत होतं. बाईमाणूस शिडीवर चढते म्हणून सुरुवातीला लोक बघायला जमायचे, नंतर त्यांनाही कंटाळा आला. शेटजींची अडचण अशी की समोरच्या केंद्रवाल्याने आपल्या भिंतीवर वाघ काढून घेतला होता. फवारणीच्या औषधाचा आणि वाघाचा काय संबंध, हे विचारू नये. शेटजींना वाघाच्या वरचं काहीतरी पाहिजे होतं. त्यांनी नातवाचं दप्तर माझ्यापुढे टाकलं. दप्तरावर हिरो होता.

हिरो आम्हा भावंडांना नवा नव्हता. लहानपणी उमरखेडच्या स्टँडवर भाड्याने मिळणाऱ्या चित्रकथांत आम्ही त्याला भेटलो होतो, हिंदी बोलायचा तिथे. डोळ्यांवर मुखवटा, कोपरापर्यंत हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट, पाठीवर झूल, छातीवर ढालीच्या आकाराची खूण, आणि चड्डी पँटच्या वरून. चड्डीचं कारण दादाने मला तेव्हा सांगितलं होतं, की घाईत निघतो बिचारा, लोकांना वाचवायचं असतं.

शेटजींचं दप्तर हातात घेतलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हातमोजे आहेत. बूट आहेत. मुखवटा आहे, फक्त तो डोळ्यांपुरता. तोंड उघडं ठेवून हा गडी विषारी धुरात कसा काय घुसायचा, कोण जाणे. मी तो मुखवटा खाली ओढला. डोळ्यांवर मोठा चष्मा दिला आणि नाक, तोंड, हनुवटी सगळं एका जाड फडक्यात घट्ट बांधलं. पाठीवर पंप दिला. पंपाला झुलीची अडचण व्हायला लागली, तर झूल दोन्ही बगलांतून पुढे उडवली, म्हणजे वारा पाठीमागून आहे हे आंधळ्यालाही कळावं. वर ठळक अक्षरांत औषधाचं नाव लिहिलं, आणि शेटजींनी हट्टाने छातीवरच्या ढालीत त्यांच्या दुकानाचं पहिलं अक्षर घालायला लावलं. ढाल तीच, रंग तेच, अक्षर तेवढं त्यांचं. त्यांना ती ढाल इतकी आवडली की बिलबुकावरही छापून घेतली.

भिंत पुरी झाली त्या दिवशी दादा उन्हाळी भुईमुगावर औषध मारून येताना तिथे थांबला. मी शिडीवर होते. तो खाली उभा राहून बराच वेळ बघत होता, आणि मी मुद्दाम ब्रश धुत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझी जुनी ओढणी मागितली. मी दिली. मग म्हणाला, ते शाळेतल्या पावसाळी बुटांसारखं काही मिळते का पाहा. हातमोजे नव्हतेच, त्याचे फुगे फुटून कधीचे संपले होते. त्याने दुधाच्या पिशव्या हातांत चढवल्या आणि मनगटाला सुतळी बांधली. असा अवतार करून तो निघाला तेव्हा गल्लीतली पोरं हिरो हिरो करत त्याच्या मागे वेशीपर्यंत गेली. तो मान ताठ करून चालत होता, जसं काही नगराध्यक्षच निवडून आला.

मला आनंद झाला आणि अपमानही वाटला. माझ्या कित्येक वर्षांच्या कटकटीला जे जमलं नाही ते भिंतीवरच्या एका नटव्याने एका दिवसात केलं. पण अपमान कोण धरून बसतो. दादाच्या जोडीचे आणखी काही औषध मारणारे तोंड बांधायला लागले. शेटजींनी संधी साधून रंगीत फडकी विकायला ठेवली. आणि दादा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याचे डोळे पांढरेस्वच्छ असायचे. पाऊस सुरू झाला, कपाशी मांडीपर्यंत आली, आणि तो जेवताना दुसऱ्यांदा भाकरी मागायला लागला. माझ्या आयुष्यात माझ्या चित्राचं एवढं कौतुक कोणी केलं नाही जेवढं त्या दुसऱ्या भाकरीने केलं.

मग पोळ्याच्या आधी शेटजींचे जावई आले. जावई पुसदच्या कोर्टात नवे नवे वकील. नव्या वकिलाला जिकडे तिकडे केस दिसते, नव्या डॉक्टरला जसा रोग. जीपमधून उतरले, भिंतीकडे पाहिलं आणि आहेर घ्यायच्या आधी त्यांनी सासऱ्याला बाजूला घेतलं. मी दुकानातच होते, दारावरचा फलक रंगवत, त्यामुळे सगळं ऐकलं.

जावयांचं म्हणणं थोडक्यात असं. हिरोवर दोन प्रकारचे हक्क असतात. एक त्याच्या गोष्टींवरचा आणि चित्रांवरचा. तो कधीतरी संपतो, पण इतक्या वर्षांनी की आज बारशाला आलेलं पोर म्हातारं होईल. आणि तेव्हाही सगळ्यात जुना हिरो तेवढा मोकळा होणार, त्याला मागाहून चिकटवलेल्या गोष्टी नाहीत. दुसरा हक्क म्हणजे नाव आणि खूण, ट्रेडमार्क. तो वापरत राहिलं, नूतनीकरण करत राहिलं, की संपतच नाही. म्हणजे एक दिवस असा येईल की जुनी गोष्ट सांगायला कोणी अडवणार नाही, पण पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात टाकून माल विकला तर धरतील.

शेटजी म्हणाले, हे सातबाऱ्यासारखंच झालं की. जावई म्हणाले, सातबाऱ्यापेक्षा पक्कं, सातबाऱ्यावर निदान भावकी तरी नाव लावते. मग त्यांनी कोणा शर्टवाल्याची ऐकीव गोष्ट सांगितली, मुंबईहून नोटीस आली, माल जप्त झाला, वगैरे. शेटजींची पाचावर धारण बसली.

इथे मला एक सांगितलंच पाहिजे. याच शेटजींच्या दुकानात नावाजलेल्या कंपनीच्या बियाण्याशेजारी तिच्या मावसबहिणी शोभतील अशी पाकिटं असायची. रंग तोच, बोंड तेच, नावात एका अक्षराची हेराफेरी. ती पाकिटं पेरून ज्यांच्या शेतात काही उगवलं नाही ते लोक दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसायचे आणि शेटजी त्यांना चहा पाजून पावसाला शिव्या द्यायचे. तेव्हा त्यांना कधी मुंबई आठवली नाही. कास्तकाराला फसवलं तर नशिबाचा दोष, हिरोला हात लावला तर कायदा. मी मनातल्या मनात जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

भिंत पुसून टाका, असं जावयांनी सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण शेटजींचा जीव भिंतीत अडकला होता. त्यांनी विचारलं, थोडाफार फेरफार करून चालेल का. जावई म्हणाले, कोर्ट एवढंच पाहतं की सामान्य गिऱ्हाईकाला ही तीच वस्तू वाटेल का. त्याला ज्या ज्या गोष्टीवरून ओळख पटते ती ती काढा.

शेटजी म्हणाले, मग गिऱ्हाईकालाच विचारू.

आणि ते खरंच तसं करून बसले. आमच्या भागात कोणताही प्रश्न असो, बाजाराच्या दिवशी चार लोकांत विचारायची रीत आहे. बैल घ्यावा का, पोरगी द्यावी का, मतदान कोणाला करावं, सगळं बाजाराच्या दिवशी ठरतं. तर आठवडी बाजार भरला, दुकानासमोर कास्तकार, मजूर, आटोवाले जमले. जावई खुर्चीवर. शेटजी ओट्यावर. मी शिडीवर, हातात पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा. शेटजींनी लोकांना विचारलं की बापाहो, हा हिरो हाय हे तुम्ही कायवरून ओळखलं.

पहिलं उत्तर झुलीचं आलं. मी झूल पुसली. कोणी म्हणालं चड्डी. चड्डी पुसली आणि तिथे गुंडाळलेला पायजमा काढला. लोकांना मजा यायला लागली, बाया भाजीच्या पिशव्या घेऊन थांबल्या. मग एक म्हातारा कास्तकार म्हणाला, बूट. औषध मारायले बूट घालून आपल्याकडं कोण जाते. सगळ्यांनी माना डोलवल्या. मग कोणीतरी हातमोजे म्हणालं, कारण तेच. आणि मग, मला ज्याची भीती होती तेच, मागून आवाज आला की तोंड बांधलं हाय ना त्यानं. आपला मानूस कधी तोंड बांधून औषध मारते का.

सगळे हसले. जावयांनीसुद्धा हसून मान हलवली, आणि गोष्ट कायद्याने सिद्ध झाली. दादा आणि त्याचे जोडीदार तोंड बांधत, पण ती लोकांच्या लेखी हिरोचीच नक्कल होती. साऱ्या पंचक्रोशीत फवारताना जीव सांभाळणारा एकच माणूस होता, आणि तो परदेशी होता, म्हणून त्याला ओळखता येत होतं. आमच्या माणसाची ओळख काय, तर उघडं तोंड. शिडीवर उभ्या उभ्या माझं डोकं तापलं. मी वरूनच जावयांना म्हटलं, "भाऊजी, तोंडावरचं हे फडकं त्या हिरोचं नाहीच. त्याचं तोंड तं उघडंच असते, दप्तर पाहा. हे फडकं माह्या डोक्यातून निघालं. हे माहं हाय."

जावयांनी दप्तर मागवून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ताई, तुमचं म्हननं कायद्यात बसते. फडकं कोणाच्या मालकीचं नसते. पण लोकांले त्यावरूनच ओळख पटून राह्यली, तं रिस्क कायले घ्यायची?"

पुढे बऱ्याच वर्षांनी मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. तोंड बांधणं, हातात मोजे घालणं, पायात बूट घालणं यावर जगात कोणाचाही हक्क नाही. लोकांना वाचवायला धावून जाणं यावरही नाही. कल्पना सगळ्यांची असते, मालकी असते ती तिच्या ठरावीक रूपाची आणि खुणेची. म्हणजे त्या भिंतीवर खऱ्या अर्थाने दुसऱ्याच्या मालकीची अशी जी ठळक गोष्ट होती ती छातीवरची ढाल. आणि ढालीचं नाव कोणीही घेतलं नाही. घेणार कसं? ती ढाल सलूनच्या आरशावर होती, आटोच्या मागे होती, कुल्फीच्या गाडीवर होती, पोरांच्या बनियनवर होती. आमच्या लोकांना ती चांदसूर्यासारखी गावाची वाटायची. जावयांनी एकदा तिच्याकडे बोट केलं, तर शेटजी म्हणाले, तिच्यात माझं अक्षर हाय ना, मग ती माझी. बिलबुकाचे गठ्ठे छापून आले होते, ते काय पाण्यात घालायचे? ढाल राहिली.

बाकी सगळं गेलं. भिंत शेटजींची होती. मी नाही म्हटलं असतं तर पुसदहून दुसरा पेंटर आला असता आणि त्याने तेच केलं असतं. मी चष्मा पुसला, बूट पुसले, हातमोजे पुसले, शेवटी फडकं पुसलं. आणि फडकं पुसल्यावर खाली तोंड काढावं लागलं. बांधलेल्या तोंडाखाली कोण आहे याचा मी विचार केला नव्हता. लोक ताटकळले होते, ऊन डोक्यावर आलं होतं. हाताला जो चेहरा पाठ होता तो हाताने काढला. रुंद कपाळ, पुढे आलेले गाल, एका बाजूला जास्त वळलेली मिशी.

खालून कोणीतरी म्हणालं, "हा तं तुहा भाऊ हाय."

जावई समाधानाने उठले. आता अमेरिकेतून कोणीही आलं तरी हरकत नाही, या माणसाला तिकडचं कोणी ओळखणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ते खरंच होतं.

दादाला ही बातमी मिळाली आणि तो हवेत चालायला लागला. बाजारपेठेच्या मोक्याच्या भिंतीवर, वाघाच्या समोर, दोन पुरुष उंच, तो स्वतः. पाहुण्यांना दाखवायला घेऊन जायचा. चित्रात बोटं जरा जाड झालीत म्हणून माझ्याकडे तक्रार केली. आणि त्याच आठवड्यात ओढणी खुंटीला लागली. दुधाच्या पिशव्या चुलीत गेल्या.

मी भांडले. अशी भांडले की शेजारीण मधे पडली. तो शांतपणे म्हणाला, "भिंतीवर मी उघड्या तोंडाचा हाय. खाली तोंड बांधून फिरलो तं लोक म्हनतीन, हा कोन बापा?" जावयांनी शिकवलेली ओळखीची अक्कल माझ्या भावाने अशी घरी आणली. मी म्हटलं, ओळख गेली चुलीत, डोळे जातील. तो म्हणाला, इतक्या वर्षांत गेले का. जोडीच्या माणसांनीही फडकी सोडली होती. शेटजींकडे उरलेली रंगीत फडकी त्यांनी मोटारसायकल पुसायला म्हणून विकली.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. उंच झाडात पंपाचं नळकांडं वर धरून मारावं लागतं आणि मारलेलं अर्धं आपल्याच तोंडावर येतं. पाऊस उघडला होता, हवा कोंदट. शेटजींनी दोन औषधं एकत्र करून मारायचा सल्ला दिला होता, कीड भारी आहे म्हणून. दुपारच्या वेळी शेताचा मालक आणि त्याचा सालदार गडी दादाला मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन आले. त्याची मान पडली होती, तोंडातून फेस, अंग घामाने निथळत होतं. मला म्हणाला, बाई, लाईट गेली का. भर दुपार होती.

उमरखेडच्या दवाखान्याने हात लावला नाही, यवतमाळला न्या म्हणाले. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात फवारणीवाल्यांची एक वेगळी रांगच लागली होती. कोणी वणीकडचा, कोणी दिग्रसचा, सगळ्यांची उघडी तोंडं, सगळ्यांचे डोळे बांधलेले. काहींचे हात खाटेला बांधलेले, कारण विष डोक्यात चढलं की माणूस मारायला धावतो. मी खाटेजवळ खाली बसून होते. मला रडू येत नव्हतं. मला फक्त एवढं वाटत होतं की त्या जावयाला, त्या शेटजीला, त्या हसणाऱ्या सगळ्या बाजाराला इथे आणून रांगेत उभं करावं आणि विचारावं, आता ओळखा, यातला कोण कोण आहे. त्याआधी मी कोणाचा इतका द्वेष केला नव्हता आणि पुढेही केला नाही.

दादा वाचला. उजवा डोळा परतला. डाव्या डोळ्याला धुकं राहिलं, ते कायमचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधाचा वास आला की आता त्याला भोवळ येईल, म्हणून ते कामही गेलं. त्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, घरी जाऊ.

आम्ही घरी आलो तोवर औषध कंपनीची माणसं गावोगाव फिरायला लागली होती. पेपरात बातम्या आल्या होत्या, वरून विचारणा झाली होती. एक टायवाला साहेब ढाणकीत शेटजींच्या दुकानासमोर गाडीतून उतरला आणि भिंत पाहून जागीच थबकला. त्याच्या कंपनीच्या औषधाचं नाव, आणि त्याखाली एक माणूस उघड्या तोंडाने, उघड्या हातांनी, उघड्या पायांनी ते मारतोय. त्याने फोनवर साहेबाच्या साहेबाला विचारलं आणि शेटजींना सुनावलं की कंपनीचा नियम आहे, जाहिरातीत फवारणारा माणूस दाखवला तर त्याला चष्मा, मास्क, हातमोजे आणि बूट घातलेलेच पाहिजेत. नाहीतर एजन्सी बंद.

शेटजींनी मला निरोप पाठवला. मी गेले ते भांडायच्या तयारीनेच गेले. दादा घरी एकटा नको म्हणून त्यालाही बरोबर घेतलं, दवाखान्याने दिलेला काळा चष्मा लावून. त्याला बाकावर बसवलं आणि मी टायवाल्या साहेबाला म्हटलं की तुम्ही म्हणता ते सगळं या भिंतीवर होतं. चष्मा, मास्क, हातमोजे, बूट. मी डोळे मिटून परत काढून देते. आत्ता देते.

साहेब खूश झाला. शेटजींचा चेहरा पडला. त्यांनी जावयांना फोन लावला. जावई तिकडून म्हणाले, तसं केलं तर ओळख पुन्हा पटेल, मग माझी जबाबदारी नाही. शेटजी फोन हातात धरून एकदा माझ्याकडे, एकदा साहेबाकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिले. तोंड बांधलं तर मुंबईची नोटीस. तोंड उघडं ठेवलं तर कंपनीची. माणूस कोणत्याही रूपात उभा केला तरी कोणीतरी त्याच्यावरून कोर्टात जाणार होतं. शेवटी तोडगा साहेबानेच काढला. म्हणाला, माणूसच कायले पाहिजे? औषधाचं नाव राहू द्या, पंप राहू द्या, तुमची ती ढाल राहू द्या. माणूस काढून टाका.

शेटजींचा जीव भांड्यात पडला. ढाल वाचली होती. त्यांनी लगेच डिस्टेंपरचा डबा आणवला, शिडी लावली आणि ब्रश माझ्यापुढे केला.

मी ब्रश घेतला नाही. मी म्हटलं, मी नाही पुसणार, तुमच्या हातांनी पुसा. साहेबाने घड्याळ पाहिलं. शेटजी म्हणाले, असं काय करता मॅडम, चित्रच तर हाय. मी वळून दादाकडे पाहिलं. तो बाकावरून उठला होता. काळा चष्मा कपाळावर सरकवून, मान तिरपी करून, चांगल्या डोळ्याने तो भिंतीवरच्या त्या माणसाकडे बघत होता. अनवाणी पाय, गुंडाळलेला पायजमा, पाठीवर भरलेला पंप, आणि नळकांडं वर धरलेलं.

"पुसून टाक, बाई," तो म्हणाला. "त्याले तरी घरी जाऊ दे."